हुसेनबीचा उजवा हात

१३ जानेवारी १९८५, रविवार

आजही हुसेनबी आली नाही. तिसरा रविवार! तेलाची वाटी कोमट करून ठेवली होती, ती तशीच गार झाली. पाठ दुखते, पण पाठीचं काही नाही. तीस वर्षांत ही बाई न सांगता कधी राहिलेली नाही.

उजूचं नागपूरहून पत्र. तिसरा महिना सुखरूप सरला. दोनदा हातचं गेलं, त्यामुळे मी अजून मोठ्याने काही बोलत नाही. तीच लिहिते — ‘आई, हुसेनबी मावशीला आत्ताच सांगून ठेव. बाळाला पहिलं पाणी तिच्याच हातचं. मला जिने न्हाऊ घातलं तिच्याच हातचं.’ पाच वेळा वाचलं.

१५ जानेवारी

बागल चौकात तिच्या घरी गेले. दारातच बसली होती, मला बघितल्यावर उजवा हात पदराखाली. “या की आक्का, बसा” — पण चहाचा कप डाव्या हाताने दिला. हुसेनबी डाव्या हाताने काही देईल! मी म्हटलं, हात दाखव. नाही म्हणाली. मी म्हटलं, दाखव.

तळवा पांढरा, कोरडा, पिठात बुडवल्यासारखा. मनगटापाशी लाल कड, वेलांटीसारखी पुढे सरकलेली. अंगठ्याचं नख पिवळं, भुरभुरीत.

“नायटा हाय. सा म्हैनं झालं. पाचव्या गल्लीतल्या सासूबाईंनी बगितलं. म्हनल्या, बाळाला हात लावू नगा. मग त्यांनी जावंला सांगितलं, जावंनं भनीला. बाळ-बाळंतिनीची तीन घरं सुटली.”

मी उजूचं सांगायला गेले होते. तोंडच उघडेना. तिनेच विचारलं, “उजू बरी हाय न्हवं?” मी मान हलवली.

निघताना म्हणाली, “हात ग्येला म्हंजे हुसेनबी ग्येली की, आक्का. दुसरं काय हाय माज्यापाशी?”

१८ जानेवारी

तिला उदयच्या दवाखान्यात घेऊन गेले. भाचा असला तरी तिथे तो ‘डॉक्टर’ आणि मी त्याची मागच्या खोलीतली मदतनीस — आत्या फक्त चहाच्या वेळी. त्याने बोथट पात्याने तळव्याचा कोंडा खरवडला, काचेवर पोटॅशचा थेंब, सूक्ष्मदर्शकात बघा म्हणाला. बुरशीचे तंतू, आडवेतिडवे, गाठी पडलेल्या. भरपूर!

“कुठलं औषध घेतलं?” हुसेनबीने पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. त्यात नायट्यावरच्या ग्रिझिओफल्विन गोळ्यांची रिकामी पाकिटं, एकावर एक, दोऱ्याने बांधलेली. तिच्या वस्तीतल्या डॉक्टरांनी दिलेली. चार महिने, रोज, जेवणात तूप घेऊन, सांगितलं तसं.

उदयने पाकिटं मोजली. “चार महिने? एकही चुकवली नाही?”

“बाळंतिनीचा काढा कदी चुकवला न्हाय मी, माजीच गोळी चुकवीन व्हय?”

मलम थांबवायला सांगितलं. मेडिकलवाल्याने दिलेलं ते मलम लावलं की दोन दिवस विझल्यासारखं, मग दुप्पट पसरायचं. उरलेला कोंडा बुरशी उगवायला माझ्या काचेच्या नळीत पेरला.

२० जानेवारी, रविवार

त्या जागी पुन्हा सुरू. परकराची नाडी बसते तिथेच, मागे पाठीपर्यंत. पाच-सहा गोळ्या घेतल्या की थांबतं.

२२ जानेवारी

नळ्यांचं काम मला आवडतं, हे कोणाला सांगितलं तर हसतील. बुरशीचं खाणं म्हणजे ग्लुकोज, पेप्टोन, अगर, पाणी. कापसाची बुचं. प्रेशर कुकरमध्ये वीस मिनिटं. मग नळ्या काठीवर तिरप्या टेकवून गोठवायच्या. खरवसासारखं दिसतं.

बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये मदर अगाथांनी ओला पाव काचेच्या घंटेखाली ठेवला होता. रोज सकाळी प्रार्थनेनंतर आम्ही बघायला धावायचो. पाचव्या दिवशी त्यावर निळसर लव आली. सगळ्या मुली ‘शी!’ करून मागे सरल्या, मी पुढे झाले. मदर म्हणाल्या होत्या, ही मुलगी शिकेल. इंटरनंतर लग्न झालं. पस्तीस वर्षांनी, नवरा गेल्यावर, उदयने मागच्या खोलीचं दार उघडून दिलं तेव्हा पहिल्याच दिवशी मला तो पाव आठवला.

त्याच मदर अगाथांनी हेही शिकवलं की अंघोळसुद्धा शेमीज घालून करायची. स्वतःचं अंग स्वतः बघायचं नाही.

५ फेब्रुवारी

हुसेनबीची नळी उगवली! वरून पांढरा कापूस, आणि नळी फिरवून मागून बघितली तर — लाल. कोकमाच्या सरबतासारखी. इतकी सुंदर गोष्ट कोणाचे हात खाते हे खरं वाटत नाही.

उदय म्हणाला, “जात ओळखीचीच आहे. पण हट्टी का, ते बघू.” तिने घेतलेलीच गोळी कुटून ॲसिटोनमध्ये विरघळवून तीन नळ्या करायच्या. एकीत औषध नाही, दुसरीत थोडं, तिसरीत सढळ. तिन्हींतही हुसेनबीची बुरशी पेरायची. खल माझा, बत्ता माझा. दिवसभर हात गुंतलेले, फार बरं वाटलं.

२४ फेब्रुवारी, रविवार

तिन्ही नळ्या उगवल्या. तिसरीसुद्धा!

उदय रविवारचा मुद्दाम आला होता. नळी उजेडात धरून म्हणाला, “आत्या, ही बुरशी औषधात बसून जेवतेय!” खुर्ची ओढली आणि मला समजावत बसला, कॉलेजातल्या मुलीला समजवावं तसं. औषध पुरतं घेतलं तर सगळी मरते. पण थोडं घेतलं, खाज थांबली म्हणून सोडलं, पुन्हा खाज आली की पुन्हा थोडं घेतलं — असं वर्ष-दोन वर्षं चाललं की कच्ची होती ती मरते, आणि जी टिकते तिच्यावर पुढे गोळीचा काही असर होत नाही.

“पण हुसेनबीने तर एकही चुकवली नाही,” मी म्हटलं.

“तेच तर! हिच्या हातावर ती मुरलेली नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर मुरली, आणि हिला आयती मिळाली. अंगाला हात लावायचं काम. कोण असेल, कसं शोधणार?”

मी चहा टाकते म्हणून उठले. साखर घालायला विसरले.

२५ फेब्रुवारी

शोधायला नको.

२६ फेब्रुवारी

इथे तरी लिहायला हवं. दोन वर्षं मला कमरेला नायटा आहे. नायटा. लिहिला शब्द.

उदयला दाखवायची लाज. भाचा, लहानपणी मांडीवर खेळवलेला, त्याच्यासमोर परकर सैल करायचा? दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं तर ‘उदयची आत्या आमच्याकडे!’ म्हणून गावभर. कंपन्यांची माणसं नमुन्याच्या गोळ्या टाकून जातात, त्या कपाटात असतात, कपाटाची किल्ली माझ्याकडे. पाच घ्यायच्या, थांबलं की सोडायच्या. आणि बाहेर बाकावर बसलेल्या बायकांना मीच सांगते — ‘खाज गेली म्हणजे रोग गेला असं नाही हो, कोर्स पूर्ण करा.’ हजार वेळा सांगितलं असेल!

आणि दर रविवारी हुसेनबी पाठीला तेल लावायची. खाली कमरेपर्यंत, तळव्याने, जोर देऊन.

आज न्हाणीघराला कडी लावून, आरशात मान वळवून, स्वतःचा कोंडा स्वतः काढला. तशाच तीन नळ्यांत थेट पेरला. वर चिठ्ठी — ‘श्रीमती क्ष, वय ५७.’

माझं चुकलंही असेल. दुसरी कुठली असेल. देवा, दुसरी कुठली असू दे.

१० मार्च

काही नाही. पांढरा ठिपका फक्त.

१७ मार्च

मागून लाल. तिन्ही. तिसरीत तर औषध नसलेल्या नळीइतकीच तरारून आली.

उदयने नळ्या बघितल्या. “ही श्रीमती क्ष कोण? ह्यांना आधी बोलवा. ह्या बाई चालता-बोलता रोगाचा झरा आहेत.” मी म्हटलं, येतील. म्हणाला, “लवकर यायला सांगा.”

३१ मार्च, रविवार

दोन रविवार बागल चौकापर्यंत जाऊन परत आले. एकदा कोपऱ्यावर मिरच्या घेतल्या, एकदा काहीच नाही.

दरम्यान हुसेनबीचं चौथं घरही सुटलं. दवाखान्यात हात दाखवायला आली तेव्हा बघितलं, मनगटाची कड दोन बोटं वर सरकली आहे. उजूला सहावा लागला. ती विचारतेय, हुसेनबी मावशी काय म्हणाली? मी लिहिते — आनंदली. खोटं. तिला अजून सांगितलंच नाही.

७ एप्रिल, रविवार

सांगितलं.

ती तांदूळ निवडत होती, डाव्या हाताने. मी सुपाच्या पलीकडे बसले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. कमर, गोळ्या, कपाट, नळ्या. तुझ्या हाताचं हे माझ्यामुळे झालं, म्हटलं. तिने एक खडा उचलून बाजूला टाकला.

“म्हाईत हाय की.”

मला वाटलं तिला कळलंच नाही. पुन्हा सांगायला लागले.

“आवो म्हाईत हाय, आक्का! तीस वर्सं अंगं चोळतोय. डोळं झाकून सांगीन कुणाच्या अंगावर काय हाय. दोन वर्सांमागं तुमच्या कमरंला हात लागला तवाच कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमी कुटं बोललासा? बाळंतिनींच्या अंगाचं कायबाय दिसतंय मला. नवऱ्यानं मारल्याला वळसुदीक दिसतोय. कदी भाईर काडलं न्हाय. मग तुमचंच तुमच्याम्होरं कसं काडू?”

“पण मग तू तेल का लावत राहिलीस? हात का लावलास?”

माझ्याकडे बघितलं, वेडीकडे बघावं तसं. “पाठ दुखतीया म्हनलासा न्हवं?”

मी रडायला लागले. सुपात. ती म्हणाली, “तांदूळ भिजत्यात, आक्का. रडायचं तर हिकडं सरकून रडा.” मग स्वतःच हसली, आणि हसता हसता तिच्याही डोळ्यांना पाणी. मग एकदम आवाज चढवून — “पर ते कपाटातल्या गोळ्यांचं! शिकल्याली बाई तुमी! आदी डाक्टरास्नी सांगा, आत्ताच्या आत्ता. जावा!”

उजूचंही सांगितलं. तिने किती महिने राहिले ते बोटांवर मोजलं, उजव्या हाताच्या.

८ एप्रिल

उदयला सांगितलं — उभ्याने, दाराकडे तोंड करून. त्याने हातातली नळी खाली ठेवली. मग — “आत्या, तुम्ही?” एवढंच. ते हजार शिव्यांपेक्षा लागलं. कपाटाची किल्ली मी टेबलावर ठेवली. त्याने ती उचलून पुन्हा माझ्या हातात दिली.

मुंबईला त्याच्या सरांना त्याने आधीच लिहिलं होतं. केटोकोनॅझोल म्हणून नवी गोळी आली आहे. ग्रिझिओफल्विनला न जुमानणाऱ्या बुरशीवरही चालते. रक्त तपासत राहावं लागेल, काविळीवर लक्ष ठेवावं लागेल. “पण चालते, आत्या!” मुलाचा चेहरा उजळला होता. मी किती दिवसांनी पोटभर जेवले.

१८ एप्रिल

गोळ्या आल्या. पण एकाच माणसापुरत्या. दुसऱ्या तीन आठवड्यांनी. अर्थात आधी हुसेनबी.

तिने दवाखान्याच्या बाकावरच पाकिटं मांडली, दोन वाटे केले आणि एक माझ्याकडे सरकवला. “निम्म्या तुमच्या. मी एकटी कशी खाऊ?”

उदय आतून ओरडला, “हात लावू नका आत्या!”

मी तिला सांगितलं — बाई, हाच तर घोटाळा आहे. निम्मं तुला, निम्मं मला, म्हणजे दोघींची बुरशी ह्याही गोळीला सोकावेल. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला शिकवलं, घास वाटून खावा. हा घास वाटायचा नाही.

तिला पटलं नाही. “आसलं कसलं औषिद, वाटलं की बाटतंय!” पण दोन्ही वाटे उचलून डब्यात ठेवले.

२ मे

उजू आली! सातवा. स्टेशनवर उतरली तेव्हा आधी पोट दिसलं, मग ती. घरात पाऊल टाकताच — “हुसेनबी मावशी कुठाय?” तिला सगळं सांगितलं, माझ्या कमरेसकट. स्वतःच्या मुलीपुढे नायटा म्हणताना आता जीभ अडली नाही. तिने माझा हात धरून ठेवला. म्हणाली, “थांबू की आपण. बाळ काय आज येतंय?”

१० मे

माझ्या गोळ्या सुरू. परकर, पातळं, टॉवेल सगळं उकळून उन्हात. पाठ दुखली तर दुखली, तेल बंद.

२ जून

रोजे चालू आहेत. हुसेनबीला विचारलं, गोळीचं काय? “पाटंच्याला, सहेरीला, भाकरीसंगं. खाडा न्हाय.” मनगटाची कड गेली! तळव्याला पुन्हा रेषा दिसायला लागल्या आहेत. उजूने त्या बोटाने गिरवल्या, तर ती हात मागे घेऊन ओरडली, “आगं पोटुशी हाईस, लांब ऱ्हा!”

१६ जून

दोघींचा कोंडा नळ्यांत पेरला. कमरेचा माझा, तळव्याचा आणि नखाखालचा तिचा. ह्या वेळी चिठ्ठीवर माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव.

१४ जुलै, रविवार

चार आठवडे झाले. माझी नळी रिकामी. तिच्या तळव्याची नळीही रिकामी. नखाची — लाल.

उदय म्हणाला, नख सावकाश वाढतं, गोळीला तिथे पोचायलाच महिने लागतात. हात बरा होणार ह्यात शंका नाही. पण अंगठ्याचं नख पूर्ण नवं येईपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत तरी, तान्ह्या बाळांना हात लावायचा नाही.

जिने दिलं ती आधी सुटली. जिने घेतलं ती अजून अडकलेली. मला हुसेनबीकडे बघवेना.

ती म्हणाली, “दिवाळी काय लांब न्हाय.” पण पदर नीट करून, चहा न घेता उठली आणि गेली.

१७ जुलै

मुलगी! पहाटे साडेपाच. सहा पौंड. दोघी सुखरूप. मी नातीला बघितलं आणि आधी तिची बोटं मोजली.

२२ जुलै

दवाखान्यातून घरी आणलं. सकाळी नऊला हुसेनबी हजर, हिरवं पातळ नेसून. उजवा हात पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला, लग्नाला आल्यासारखा. न्हाणीच्या उंबऱ्याबाहेर पाट घेतला आणि बसली.

“बसा आक्का. पाय लांब करा. परकर वर घ्या — आणिक वर! कोन बगतंय हितं?”

मी! सत्तावन्न वर्षांची! उजूच्या वेळी मी बाजेवर पडून फक्त ऐकलं होतं. आता माझ्या पायांवर ते मुठीएवढं बाळ, तेलाने बुळबुळीत, आणि माझे हात लाकडाचे.

“मान! मान धरा! पुस्तक धरल्यागत नगा धरू. तळव्यानं. बोटं दावू नगासा लेकराला, तळवा दावा. हां. आता पाठीवरनं खाली. सरळ. भिऊ नगा, ती न्हाय मोडत, तुमीच मोडशिला.”

उजू दारातून हसत होती, टाके दुखतात म्हणून पोट धरून. पाणी फार गरम, पाणी फार गार, कान झाका, तांब्या उंच धरू नका! बाळ किंचाळत होतं. मग मी तिला पालथं घातलं, हुसेनबी सांगेल तसा तळवा खाली आणला, आणि एकदम ती गप्प झाली. माझ्या नडगीवर गाल टेकून, डोळे मिटून. आणि मला कळलं, हाताला कळतं म्हणजे काय.

वर बघितलं. उंबऱ्याबाहेर हुसेनबीचे दोन्ही हात मांडीवर, आणि ते हलत होते. माझ्या हातांबरोबर.

२८ जुलै, रविवार

सात दिवसांत हुसेनबीचं ओरडणं निम्म्यावर. काल तर एकदाच — ‘कान!’

४ ऑगस्ट, रविवार

अंघोळ झाली, बाळ झोपलं, चहा झाला. हुसेनबी उठली, चप्पल घातली आणि मला म्हणाली —

“उद्या सातला तयार ऱ्हावा. पाचव्या गल्लीतल्या सासूबाईंकडं धाकट्या सुनंला जुळी झाल्यात. मी सांगून आलो, हात नव्या बाईचा, तोंड माजं.”

नवी बाई! नऊवारी नाही माझ्याकडे. जुनं पातळ काढून ठेवलं आहे, पाण्यात बसायला.